एकोणीस नंबरची खिडकी

बुधवार, ता. ९ मार्च

घड्याळजी यांस नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखीचं वाटणार नाही. माझं अक्षर तुम्ही फक्त मोजणीच्या वहीत पाहिलंत, तेही उलट्या बाजूने. मी तुमच्या कोठड्यांच्या रांगेवरचा हवालदार. तोच, मिशीवाला, चाव्यांचा जुडगा कमरेला बांधून दिवसातून चार वेळा मोजणी करणारा. मिशी पांढरी झाली, जुडगा परत केला, पण हात अजून कमरेकडे जातो. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. प्रकृती ठीक आहे. गुडघे कुरकुर करतात, पण त्यांचं ऐकतो कोण. तुमची प्रकृतीही बरी असेल आणि दुकान बरं चालत असेल, असं धरून चालतो.

पत्रातलं अहो-जाहो बघून तुम्हाला हसू येईल. आत होतात तेव्हा मी तुम्हाला 'ए एकोणीस' अशी हाक मारत होतो. दोन कागद फाडले, कारण 'तू' लिहवेना आणि 'तुम्ही' लिहिलं की पेन अडायचं. शेवटी ही, म्हणजे आमच्या घरच्या मुख्य जेलर, म्हणाल्या, "तुम्ही म्हणा की. तुमचं काय झिजतंय त्यात?" म्हणून तुम्ही.

आता कारण. जुनी रांग पाडून मागच्या पटांगणात नवी इमारत होणार आहे. दोनशे चाळीस कोठड्या. त्या कशा असाव्यात हे ठरवायला एक समिती नेमली आहे आणि 'जुना जाणता कर्मचारी' म्हणून मला तिच्यात घेतलं आहे. वासरांत लंगडी गाय शहाणी, तशातली गत. नकाशे काढणारी बाई आहे, तिला सगळे टेपताई म्हणतात. हातात कायम मोजमापाची टेप. पहिल्या दिवशी माझ्याशी बोलता बोलता तिने माझ्या खांद्यांची रुंदी मोजली आणि म्हणाली, "काका, तुमच्या मापाचा माणूस त्या जुन्या कोठडीत हात पसरूच शकत नसेल." मी म्हटलं, "हात पसरायला आत कोण पाठवतं?" ती हसली नाही. तुमचा पत्ताही तिनेच जुन्या नोंदी उपसून काढला.

तिने पटांगणात एक कोठडी नमुना म्हणून उभी केली आहे. खरीखुरी, काँक्रीटची, दाराकुलपासकट. समितीतल्या प्रत्येकाने तिच्यात एक तास एकट्याने बसायचं, बाहेरून कुलूप लावून, ही तिची अट. साहेब लोकांनी आढेवेढे घेतले. मी म्हटलं, तीस वर्षं दाराच्या या बाजूला काढली, एक तास त्या बाजूला काढला तर काय बिघडतं. गेलो.

घड्याळजी, मी बडबड्या माणूस. पण त्या तासाबद्दल सांगताना माझी जीभ जड होते.

आत गेल्या गेल्या नजर खिडकीवर गेली. गज नाहीत! माझ्या छातीपासून डोक्याच्या वरपर्यंत सलग काच. मी घाबरलोच. आधी हात लावून हलवून पाहिलं, सवयच ती. हलली नाही. नंतर कळलं की एका लोहाराला घण देऊन वीस मिनिटं त्या काचेवर सोडलं होतं. त्याचे पंजे सुजले आणि काचेवर चार ओरखडे उठले, एवढंच. पलंग भिंतीतूनच ओतलेला, त्याला कोपरा नाही की फट नाही. कपडे अडकवायच्या खुंट्या रबरी, जास्त भार आला की खाली वळतात. का वळतात ते तुम्हाला सांगायला नको, आपण दोघांनीही ते पाहिलं आहे. टेबल अशा जागी की बसलेल्याला बाहेरचं दिसावं आणि दारातून डोकावणाऱ्या शिपायाला तो माणूस नखशिखांत दिसावा. दोघांचीही सोय एका टेबलात. आणि दिव्याचं बटण आत! आत, घड्याळजी! आपल्याकडे बत्तीस कोठड्यांचं मिळून एकच बटण होतं, ते माझ्या खुर्चीशेजारी. मी ते बटण पाच-सहा वेळा चालू-बंद केलं. बाहेर कुणी हसलं असेल तर हसो बापडं.

मग टेबलाशी बसलो. समोर पटांगणाची भिंत आणि भिंतीवर आभाळ. एक ढग डावीकडून आला. त्याला उजवीकडे जायला बराच वेळ लागला आणि तेवढा वेळ मी त्याच्याकडे बघत होतो. तास संपला, दार उघडलं, तर मी म्हणालो, "जरा थांबा." तीस वर्षं उघड्या आभाळाखाली फेऱ्या मारल्या, पण मान वर करून पाहिलं असेल तर शपथ. त्या एवढ्याशा चौकोनाने मला गप्प केलं. एवढं मोठं काहीतरी रोज डोक्यावरून जात होतं आणि मी कुलुपं तपासत होतो. मला भरून आलं. का, ते पुढे कधीतरी सांगेन.

पण पत्र त्या खोलीसाठी नाही, तुमच्या खोलीसाठी आहे. रांग पाडण्याआधी टेपताई एकेक जुनी कोठडी मोजत होती. एकोणीसमध्ये तिने भिंतीचा चुना जरा खरवडला तर खाली ओरखडे लागले. मग तिने सगळी भिंत उतरवली. चुन्याचे सात-आठ थर निघाले आणि खाली तुमच्या खुणा. दहा तिरप्या ओळी, प्रत्येकीत बारीक उभ्या रेघा, तासाला लांब आणि पाव तासाला आखूड. ती जमिनीवर बसून बराच वेळ बघत राहिली. मग मला विचारलं, "काका, हे घड्याळ आहे का हो?"

मला ठाऊक होतं. अख्ख्या रांगेला ठाऊक होतं. "घड्याळजी, किती वाजले?" अशी हाक दिवसातून पन्नासदा यायची आणि तुम्ही भिंतीवरची उन्हाची पट्टी बघून सांगायचात. सकाळी अंदाजाने, दुपारनंतर मिनिटाने. मी वरवर म्हणायचो की हा थापा मारतो. आता सांगायला हरकत नाही, माझं मनगटावरचं घड्याळ मी रोज तुमच्या आवाजावर लावत होतो.

टेपताईने गवंडी बोलावून एकोणीसच्या बुजवलेल्या खिडकीतल्या विटा काढायला लावल्या आणि आम्हा सगळ्यांना दुपारी तिथे उभं केलं. ऊन आत आलं. हाताएवढी पट्टी, मधे गजांच्या सावल्या. ती भिंतीवरून सरकत सरकत तुमच्या मार्चच्या ओळीवर आली आणि सव्वातीनच्या रेघेला टेकली. टेपताईच्या हातात घड्याळ होतं. तिने वाचलं, "तीन वाजून चौदा मिनिटं."

एका मिनिटाचा फरक. चमच्याच्या दांड्याने, चुन्याच्या भिंतीवर, बावीस वर्षांपूर्वी. समितीतल्या सुरक्षा साहेबांनी टोपी काढली. घाम पुसायला काढली असेल, पण काढली. जिथे आम्ही माणसाकडून सगळं काढून घेतलं होतं, तिथे तुम्ही सूर्याला कामाला लावला होता.

मग टेपताईने विचारलं, "पण महिने बारा, ओळी दहाच का?" मी म्हटलं, "आला असेल कंटाळा."

आता घोडं कुठे पेंड खातंय ते सांगतो. सुरक्षा साहेब वाईट माणूस नाही, पण दुधाने तोंड पोळलेला आहे. त्यांच्याकडे एक जुनी फाईल आहे. एकोणीस नंबरच्या कैद्याने खिडकीचा गज उपसला आणि पळाला, असा दोन पानी अहवाल. ते म्हणतात, "या तुरुंगातून आजवर एकच माणूस पळाला, तो खिडकीतून. आणि मी दोनशे चाळीस खिडक्या देऊ? काच फुटत नाही, कबूल. पण तेव्हाही गज तुटला नव्हता, चौकटीतून निघाला होता." त्यांना काचेच्या जागी छताजवळ चार बोटं रुंदीची फट हवी आहे. टेपताईने परोपरीने सांगितलं की ज्याला वेळ कळते आणि बाहेरचं दिसतं तो माणूस शांत राहतो, आणि शांत माणसाला सांभाळायला कमी कुलुपं लागतात. साहेब फाईलवर बोट ठेवतात. २५ तारखेला निकाल. फट ठरली तर दोनशे चाळीस जणांच्या वाट्याला फटच, आणि काँक्रीट एकदा ओतलं की पुढची पन्नास-साठ वर्षं ते कुणी बदलत नाही.

तो अहवाल कुणी लिहिला होता ते तुम्हाला आठवत असेल. जाऊ द्या, जुनी गोष्ट.

तुम्ही एवढंच कळवा की खुणा कशा केल्यात. आत घड्याळ नाही, घंटा दिवसातून तीनच, मग पाव तास काढलात कुठून? टेपताईला समितीपुढे मांडायचं आहे.

कळावे, लोभ होता असं म्हणवत नाही. पण असावा, अशी इच्छा आहे.

आपला,
रांगेवरचा हवालदार

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली म्हणजे लिहिली नाही. ही म्हणते, कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही. कोणतं कोंबडं ते तिला अजून ठाऊक नाही, पण मी जेवताना ताटाकडे बघत नाही हे तिच्या लक्षात आलं आहे.


रविवार, ता. २७ मार्च

घड्याळजी यांस,

तुमचं कार्ड मिळालं. चारच ओळी. "खुणा माझ्या. बाराच्या घंटेपासून नाडी मोजली. दोन ओळी राहिल्या कारण खिडकी बुजली. वीस नंबरच्या शिंप्याचं काय झालं, कळवावे."

मी काय विचारलं होतं आणि तुम्ही काय विचारलंत! पहिल्या तीन ओळी टेपताईला वाचून दाखवल्या. "नाडी मोजली?" असं म्हणून तिने स्वतःचं मनगट धरलं आणि मोजत बसली. चारशेपर्यंत गेली आणि चुकली. "बाराच्या घंटेपासून सव्वातीनपर्यंत? रोज?" म्हणाली. चौथी ओळ मी तिला दाखवली नाही. ती माझ्यासाठी होती.

शिंपी गेला, घड्याळजी. तुम्ही सुटून गेलात त्याच्या आधीच. खिडक्या बुजल्यावर तो दिवसभर तुम्हाला "किती वाजले" विचारायचा आणि तुम्ही "कळत नाही रे" म्हणायचात. मग तो भिंतीला विचारायला लागला. पुढे जेवण आलं की म्हणायचा, आत्ताच तर जेवलो. त्याला वेड्यांच्या इस्पितळात नेलं ते तुम्हाला माहीत आहे. तिथे दोन वर्षांनी तो वारला. कागद माझ्या टेबलावरूनच पुढे गेला. तुम्ही दोनदा विचारलं होतंत आणि मी दोन्ही वेळा म्हटलं होतं, बरा आहे, तिथे शिवणकाम करतो. ते खोटं होतं.

एक खोटं निघालं की मागचं दुसरं बाहेर येतं. तेव्हा आता सगळंच लिहितो. तुम्हाला यातलं बरंचसं ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून तुम्ही ते कधी ऐकलं नाहीत.

माझी कुलुपं लावायची एक पद्धत होती. रांगेच्या एका टोकापासून आधी बत्तीसच्या बत्तीस कड्या सरकवायच्या आणि प्रत्येकीत कुलूप नुसतं अडकवायचं. मग उलट येत एकेक कुलूप दाबायचं. नियम होता एकेक दार पुरं करून पुढे जायचा, पण माझ्या रीतीने चार मिनिटं वाचायची आणि मला तिचा अभिमान होता. त्या आठवड्यात रंगारी चुना द्यायला आले होते. त्या दुपारी उलट येताना विसापर्यंत आलो आणि कुणीतरी ओरडलं की चुन्याचं पिंप उलटलं. धावलो, शिव्या दिल्या, परत आलो आणि अठरापासून पुढे दाबत गेलो. एकोणीस राहिलं.

तुम्ही जेवणाच्या झडपेतून हात बाहेर काढलात, अडकवलेलं कुलूप काढलंत, कडी सरकवलीत. इथवर कुणीही केलं असतं. पण बाहेर येऊन तुम्ही दार लावलंत, कडी परत सरकवलीत, कुलूप परत अडकवलंत आणि दाबलंत! मग रंगाऱ्याची एक बादली उचलून, चुन्याने तोंड माखून, फाटकातून चालत गेलात. फाटकावर रंगाऱ्यांना कुणी मोजत नव्हतं.

आणि मी चारची मोजणी केली. बत्तीस भरले. कारण मी माणसं मोजत नव्हतो, घड्याळजी. मी कुलुपं मोजत होतो.

सहाच्या जेवणाला झडप उघडली तर आत कुणी नाही आणि बाहेर कुलूप पक्कं. मग कुलुपावर एक पांढरा अंगठा दिसला. चुन्याचा. दाराबाहेरची भिंत अजून ओलीच होती. मी जागच्या जागी सगळं समजलो. तो अंगठा बाहीने पुसला, आत गेलो आणि तुमच्या कोठडीतल्या बादलीचा जो सुटा लोखंडी दांडा कोपऱ्यात होता त्याने खिडकीचा गज उचकटायला लागलो. तो मुळात गंजलेला होता. दहा मिनिटांत चौकटीतून निघाला. तो खाली ठेवला, हात धुतले आणि मग शिट्टी वाजवली.

गज मी काढला. अहवालही मीच लिहिला. आज पहिल्यांदा हे वाक्य कागदावर उतरतंय.

तिसऱ्या दिवशी तुम्ही आपल्या पायांनी फाटकाशी येऊन उभे राहिलात. कुठे गेला होतात तर दुकानात. घरमालक दुकान रिकामं करणार असं कळलं होतं आणि आत गिऱ्हाइकांची अकरा घड्याळं दुरुस्तीला पडली होती. दोन दिवस दारोदार फिरून, चावी देऊन, वेळ लावून, ज्याची त्याला पोचवलीत. ऐकून आम्ही खो खो हसलो होतो. रांगेत आठवडाभर तोच विनोद चालला होता. आज हसू येत नाही. मोकळा सुटलेला माणूस दोन दिवसांत किती लांब गेला असता! तुम्ही अकरा दारं वाजवलीत आणि बाराव्या दाराशी परत आलात.

चौकशीत तेव्हाच्या साहेबांनी विचारलं, "खिडकीतून गेलास?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. किती वेळ पाहिलंत ते मोजायला मला तुमच्यासारखी नाडी मोजता आली नसती, ती फारच धावत होती. आणि तुम्ही म्हणालात, "हो." सहीही केलीत. तुरुंग फोडला म्हणून दीड वर्षाची शिक्षा वाढली.

पुढे महिन्याभराने, शिक्षेच्या कोठडीतून परत एकोणीसमध्ये आलात तेव्हा, मी झडपेतून हळूच विचारलं होतं, "हो का म्हणालास?" तुमचं उत्तर मला पाठ आहे. "दारातून गेलो म्हटलं असतं तर तुमची नोकरी गेली असती आणि मला कुणाला काय चारलंस म्हणून तुडवला असता. खिडकीतून म्हटलं की निदान पराक्रम तरी वाटतो." आणि मग तुम्ही खिडकीकडे पाहिलंत. तिथे नव्या विटा होत्या, ओल्या सिमेंटच्या. "पण हे होईल असं वाटलं नव्हतं," म्हणालात. त्यानंतर त्यावर तुम्ही कधी एक शब्द काढला नाहीत. मीही नाही.

माझ्या दोन पानांनी बत्तीस खिडक्या बुजवल्या. तुमच्यानंतर त्या रांगेत किती माणसं येऊन गेली त्याचा हिशोब मला लागत नाही. त्यातल्या एकालाही भिंतीवर ऊन दिसलं नाही. नमुन्याच्या खोलीत मला भरून आलं ते यामुळे.

मंगळवारी हिला सगळं सांगितलं. ऐकून म्हणाली, "बावीस वर्षं मला वाटत होतं, कुणीतरी बाई असेल. बाई असती तर बरं झालं असतं." मग चहा केला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "शुक्रवारी बैठक आहे ना? पाठ करून जा. तुम्हाला आयत्या वेळी फाटे फोडायची सवय आहे."

शुक्रवारी बैठकीत सुरक्षा साहेबांनी फाईल उघडली. मी उभा राहिलो. फाटे फोडले नाहीत. "तो कैदी दारातून गेला. कुलूप माझ्याकडून राहिलं होतं. गज मी काढला," एवढं म्हणालो. खुर्चीचा आधार घेतला. टेपताई माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत काय होतं ते मी नीट पाहिलं नाही, धीर झाला नाही.

साहेब रागावले नाहीत. तेच जास्त लागलं. हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे बावीस वर्षं आम्ही भलत्याच भोकाला बूच मारत होतो?" मी म्हटलं, "होय साहेब. खिडकी नका बदलू, कुलूप बदला. आणि मोजणी माणसाचं तोंड पाहून करा." टेपताईने लगेच नकाशा पुढे ओढला. तिच्या नव्या कुलपाला हिरवा दिवा आहे, जीभ खाचेत पुरी बसल्याशिवाय तो लागतच नाही. तिने मागे मला विचारलं होतं की कुलूप लावताना शिपायांच्या चुका कशा होतात, आणि मी म्हणालो होतो, आमच्याकडून चुका होत नाहीत. तरीही तिने तो दिवा घातला होता.

मला वाटलं, झालं. पण साहेबांनी फाईलचं शेवटचं पान उलटलं. त्यावर तुमची सही आहे. "तुम्ही आज एक सांगता. हा माणूस स्वतःच्या सहीने दुसरं सांगतो. तुम्हाला बाईंची खोली आवडली म्हणून म्हातारपणी दया आली असेल. मी कुणाचं धरू?" आणि ते चूक नव्हते. गज निघालेला आहे, कुलूप पक्कं आहे, कैद्याचा कबुलीजबाब आहे. माझं खोटं मी इतकं पक्कं बांधलं होतं की आता मलाच ते हलवता येत नाही.

निकाल पुढे ढकलला आहे. सोमवारी, ४ एप्रिलला, सकाळी अकरा वाजता ते तुम्हाला बोलावणार आहेत. रीतसर पत्र येईल. येणं-न येणं तुमच्या हाती, सक्ती नाही. तुम्ही आला नाहीत तर जुना अहवाल कायम आणि दोनशे चाळीस फटी. आलात तर तुम्हाला तोच प्रश्न विचारतील आणि मी तिथेच बसलेला असेन.

मला तुमची भीती वाटते, घड्याळजी. तुम्ही वाईट वागाल याची नाही, पुन्हा चांगलं वागाल याची. मी म्हातारा, माझ्यावर चौकशी लागेल, शेजारीपाजारी बोलतील, हे सगळं तुमच्या ध्यानात येईल, तुम्ही माझ्याकडे पाहाल आणि मागच्यासारखंच काहीतरी म्हणून मोकळे व्हाल. तुम्ही तसेच आहात. जाताना कुलूप दाबून जाणारा माणूस! तुमच्यासारखा दुसरा मी पाहिला नाही. तीस वर्षं तुम्हा लोकांवर नजर ठेवली आणि शेवटी तुम्ही कोण होतात हे एका भिंतीने मला सांगितलं.

माफी मागत नाही. दीड वर्ष, बत्तीस खिडक्या आणि शिंपी, एवढ्याला माझी माफी पुरायची नाही. एकच मागतो. सोमवारी माझ्याकडे बघू नका. साहेबांकडे बघा. "कुठून गेलात?" म्हणून विचारलं की "दारातून" म्हणा, आणि ते दार कुणी उघडं ठेवलं होतं तेही सांगा. मी मान खाली घालणार नाही.

आपला अपराधी,
हवालदार